प्रतिसाद: न्यूयॉर्कमध्ये बिल आणि टिप

न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटात मेन्यूप्रमाणे जेवण ६० डॉलरचं, मग खिशातून ७६ कसे गेले, असा प्रश्न आलाय. मेन्यूतल्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के, म्हणजे ६० वर ५.३३. टिप साधारण १८ ते २० टक्के, तीही कराआधीच्या रकमेवर. सोपा हिशोब: कराची दुप्पट करा आणि थोडं वर ढकला, ११ डॉलर. एकूण ७६.३३.

फसगत होते ती मोठ्या ग्रुपची. बिलात 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, बरेचदा आधीच लावलेली असते आणि स्लिपवर टिपची ओळ तरीही कोरी असते. न वाचता भरलीत, की दुहेरी टिप! कार्डाच्या स्लिपवर टिप आणि एकूण दोन्ही आकडे लिहून सही करा. स्लिपची रेस्टॉरंटसाठीची प्रत टेबलावर ठेवा. साधं पाणी हवं तर 'टॅप वॉटर' म्हणा, फुकट मिळतं.