संकलन, सपाटी, लाश्करो: आपत्तीच्या गुजराती सूचना मराठीत आणताना

दांडियाबाजारकर

पावसाळ्याआधी बडोद्यातल्या मराठी मंडळांना वाटायला चार पानी सूचनापत्रक करतोय. मूळ मजकूर गुजराती. पहिल्याच पानावर हे वाक्य आहे, देवनागरीत उतरवतो: ‘कुदरती आफत समये जिल्ला तंत्र, सेवा सदन अने अन्य विभागो वच्चे संकलन राखवुं.’ इथे ‘संकलन’ तसंच ठेवावं का? काहींचं म्हणणं, बडोद्याच्या मराठी माणसाला ते कळतंच. पण ज्येष्ठ मंडळी आणि पुण्या-नागपूरहून नोकरीला आलेले दोघेही हे वाचणार आहेत.

कोशवाला

ठेवू नका. मराठीत संकलन म्हणजे गोळा करून एका जागी लावणं. रक्तसंकलन, कचरा संकलन, चित्रपटाचं संकलन. गुजरातीत त्याच शब्दाचा रूढ अर्थ मेळ घालणं, म्हणजे आपला समन्वय. कलेक्टर कचेरीतल्या ‘संकलन समिती’च्या बैठकीला गेलेला पुण्याचा माणूस आकडेवारीच्या फायली घेऊन बसेल आणि तिथे प्रत्यक्षात खात्या-खात्यांमधली अडलेली कामं निघतील.

मात्र सरसकट शोधून बदलू नका. त्याच पत्रकात पुढे ‘माहितीनुं संकलन’ आलं असेल तर तिथे मराठीतही संकलनच बरोबर.

‘तंत्र’चंही बघा. गुजराती वर्तमानपत्रात ‘तंत्र साबदुं’ म्हणजे यंत्रणा सज्ज. मराठीत तंत्र म्हणजे कौशल्य, नाहीतर मंत्रतंत्रातलं. म्हणून ‘जिल्हा प्रशासन’ लिहा, तेच सगळ्यांत सुटसुटीत. ‘यंत्रणा’ मराठीला चालते, पण पत्रक हिंदी शेजाऱ्यांच्याही हातात पडणार असेल तर हिंदीत यंत्रणा म्हणजे छळ, एवढं ध्यानात असू द्या. (काही वेळा दोन्ही अर्थ लागू पडतात, तो विषय वेगळा.)

महसूली

‘विभागांमध्ये समन्वय राखावा’ हे मराठी झालं खरं, पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? कोण कोणाला सांगणार ते लिहा. रचना साधारण अशी आहे.

कच्छच्या भूकंपानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारी २००१ मध्ये, गुजरातने राज्य आपत्ती व्यवस्थापन सत्तामंडळ स्थापन केलं आणि २००३ मध्ये स्वतःचा कायदा केला. केंद्राचा कायदा आला २००५ मध्ये. गुजरातीतलं ‘सत्तामंडळ’ म्हणजे मराठीतलं ‘प्राधिकरण’. मराठी कानाला सत्तामंडळ म्हणजे सत्ताधाऱ्यांचं टोळकं वाटतं, म्हणून प्राधिकरणच लिहा.

राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री. केंद्रीय कायद्याने राज्य कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर, आणि जिल्हा पंचायतीचे निवडून आलेले अध्यक्ष सहअध्यक्ष. महसूल खात्यातले राहत कमिश्नर मदतकार्य हलवतात. ‘राहत’ मात्र मराठीत घेऊ नका. ‘राहत सामग्री’ वाचून मराठी माणूस पुढच्या ‘नाही’ची वाट बघत बसतो. ‘मदत आयुक्त’, ‘मदत साहित्य’ लिहा. मामलतदार हा शब्द आपल्याला जुना म्हणून ठाऊक आहे, पण महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी पहिल्या उल्लेखाला ‘मामलतदार, म्हणजे तहसीलदार’ इतकं पुरे.

दूरध्वनी: जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा गांधीनगरचा १०७०. मोबाइलवरून १०७७ लावला की फोन ज्या जिल्ह्याच्या टॉवरला धरलेला असेल तिकडे जाऊ शकतो, म्हणून एसटीडी कोड लावून लिहा: ०२६५-१०७७. पत्रकांत हे नेमकं गळतं.

आणखी एक. २०२५ च्या केंद्रीय दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळ्या प्राधिकरणाची तरतूद झाली आहे: महापालिका आयुक्त अध्यक्ष, कलेक्टर उपाध्यक्ष. त्याला ‘नागरी’ म्हणायचं की ‘शहरी’, यावर कोशवाल्यांनी बोलावं.

कोशवाला

शहरी. ‘नागरी’ला दुसरा अर्थ चिकटलेला आहे, नागरी संरक्षण दलातला. आपत्तीच्या कामात ते दलही असतं, मग एकाच पानावर दोन ‘नागरी’ दोन अर्थांनी येतात.

नदीकाठ

माझ्या मते सगळ्यांत घातक शब्द ‘सपाटी’. ‘विश्वामित्रीए भयजनक सपाटी वटावी.’ मराठीत सपाटी म्हणजे सपाट जागा, इथे ती पाण्याची पातळी आहे. ‘धोक्याची पातळी ओलांडली’ लिहा. ‘वटावी’ला ‘वटवली’ केलेलंही एका व्हॉट्सअॅप निरोपात दिसलं होतं, जणू नदीने हुंडी वटवली.

पातळीचेही दोन टप्पे असतात. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ही जोडी मराठीत रुळलेली आहे, तीच घ्या. गुजरातीतल्या ‘चेतवणी’ला ‘इशारा’ म्हणा. मराठीत चेतवायची ती चूल, नाहीतर माणसं.

आता आकडे. बडोद्यात एकाच दिवशी दोन ‘फूट’ फिरतात. शहराबाहेरच्या आजवा तलावाची पातळी २११, २१२ फूट अशी येते. ही समुद्रसपाटीच्या हिशेबातली उंची, तलावाची खोली नव्हे. (आणि हो, ‘समुद्रसपाटी’त आपणही सपाटी पातळीच्याच अर्थाने वापरतो, पण तो जोडशब्द तेवढाच.) कालाघोड्याच्या पुलाजवळची पट्टी मात्र नदीच्या पाण्याची चढउतार दाखवते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ती ३५ फुटांवर गेली होती. निरोपात नुसतं ‘पाणी २१२ फुटांवर’ गेलं की लोक घाबरतात आणि नुसतं ‘२० फूट’ गेलं की कोणता तलाव, कोणती नदी, काहीच कळत नाही. नियम साधा: जागेचं नाव, आकडा, वेळ, आणि पाणी चढतंय की उतरतंय. ‘कालाघोडा, २२ फूट, दुपारी ३, चढतंय.’ चौथी गोष्ट नसेल तर पहिल्या तीन निम्म्याच कामाच्या.

त्यातून नर्मदा धरणाचा आकडा मीटरमध्ये असतो (पूर्ण पातळी १३८.६८ मीटर). पत्रकात तो येणार असेल तर मीटरमध्येच ठेवा, घरी फूट करत बसू नका.

विसर्गातही हीच फसगत. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, सुमारे ३५ क्युसेक. एका अक्षराने पूर पस्तीस पट होतो.

बंबवाला

‘लाश्करो’ कसा सुटला अजून? गुजराती बातमी: ‘फायर ब्रिगेडना लाश्करोए ४० लोकोने बचाव्या.’ लाश्करो म्हणजे अग्निशमन दलाचे जवान. मराठीत घाईघाईत ‘लष्कराने ४० लोकांना वाचवलं’ होतं आणि तासाभरात ‘शहरात लष्कर उतरलं’ अशी वावडी उठते. लष्कर बोलवायची वाट वेगळी आहे. प्रशासनाची रीतसर मागणी वरून जावी लागते, वॉर्डातून फोन करून लष्कर येत नाही. ‘बंबखान्याचे जवान’ लिहिलंत तरी जुन्या बडोदेकराला चालेल, नव्याला ‘अग्निशमन दल’.

‘तुकडी’ हाही सैल वापरला जातो. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, एक पूर्ण तुकडी साधारण ४५ जणांची, एका बटालियनमध्ये अशा १८. सहावी बटालियन आपल्याच जिल्ह्यात जरोदला आहे, म्हणून बडोदेकरांना वाटतं की हाक मारली की आली. जवळ असली तरी ती मागणीशिवाय हलत नाही आणि त्याच वेळी दक्षिण गुजरातेत किंवा सौराष्ट्रात पांगलेली असू शकते. सोसायटीत एक बोट आणि सहा जण आले तर ‘एनडीआरएफचं पथक’ म्हणा. ‘तुकडी आली’ वाचून शेजारच्या तीन सोसायट्या आपलं नाव कळवायच्या थांबतात.

दांडियाबाजारकर

एनडीआरएफवरून आठवलं. मजकुरात एका ठिकाणी ‘एसडीआरएफ तैनात’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘एसडीआरएफमांथी सहाय’ आहे. दोन्हींना ‘राज्य आपत्ती प्रतिसाद दल’ लिहिलंय. बरोबर?

कोशवाला

दुसरं चूक. तो पैसा आहे: राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. आद्याक्षरं तीच. तैनात होतं ते दल, मंजूर होतो तो निधी. लघुरूप टाळा, ‘दल’ आणि ‘निधी’ दरवेळी पुरतं लिहा.

‘प्रतिसाद’वर कोणी नाक मुरडेल, नाटकाला प्रतिसाद मिळतो म्हणून. पण कायद्याच्या मराठीत तो बसला आहे, आता हलवू नये. निधीसोबत येणाऱ्या शब्दांत मात्र काळजी घ्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) वाटणीत राज्याच्या एकूण आपत्ती निधीपैकी ८० टक्के प्रतिसादाला, २० टक्के शमनाला होते. त्या ८० मध्ये ४० प्रतिसाद आणि मदत, ३० पुनर्उभारणी, १० पूर्वतयारी आणि क्षमतावाढ. शमन म्हणजे आधीच धोका कमी करणं, नाला रुंद करणं वगैरे. पूर्वतयारी म्हणजे पूर येणार हे धरून बोटी, दोर, माणसं तयार ठेवणं. ‘निवारण’ या एका शब्दात दोन्ही कोंबलं की नाल्याचा पैसा आणि बोटीचा पैसा एकच वाटतो. गुजरातसारख्या राज्यात या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५.

महसूली

‘सहाय’चं म्हणाल तर तीन वेगळे शब्द येतील, त्यांना एकाच ‘मदत’मध्ये टाकू नका.

केशडोल: घर सोडून हलवलेल्या लोकांना दर दिवसाला रोख. अलीकडे गुजरातेत पुख्त व्यक्तीला १०० आणि बाळकाला ६० रुपये असा दर चालला आहे. ‘पुख्त’ म्हणजे मोठं माणूस. आपल्या ‘पोक्त’चाच भाऊ, पण पोक्त लिहिलंत तर वीस वर्षांचा पोरगा रांगेतून बाहेर पडेल. ‘प्रौढ’ लिहा. केशडोलला मराठी प्रतिशब्द काढू नका. फॉर्मवर आणि तलाठ्याच्या तोंडी हाच शब्द आहे, लोकांना खिडकीवर तोच विचारावा लागणार.

घरवखरी: भांडीकुंडी, कपडे, अंथरूण-पांघरूण. ‘संसारोपयोगी साहित्य’ हा सरकारी मराठी शब्द ठीक, पण कंसात घरवखरी ठेवा.

मृत्यूसाठी वारसाला ४ लाख, हे वेगळं प्रकरण, वेगळी कागदपत्रं.

गुजरातीतला ‘सर्वे’ म्हणजे आपल्या बोलीत पंचनामा. ‘सर्वेक्षण’ लिहिलं की लोकांना जनगणनेसारखं काहीतरी वाटतं आणि पथक येण्याआधीच चिखल धुऊन, भिजलेल्या गाद्या फेकून मोकळे होतात. तिथे स्पष्ट ओळ हवी: पंचनाम्याआधी पाणी चढल्याची खूण भिंतीवर राहू द्या, फेकण्याआधी वस्तूंचे फोटो काढा.

नदीकाठ

पावसाचे शब्द राहिले. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. गुजरातीत भारे, अतिभारे, अत्यंत भारे. महाराष्ट्रातून आलेला माणूस ‘अतिवृष्टी’ म्हणेल. तिथे महसूल मंडळात ६५ मिमी झाला की ती नोंदवतात, म्हणजे आपला ‘अतिभारे’ आणि त्यांची ‘अतिवृष्टी’ यात दुपटीच्या आसपास फरक. शिवाय इथली वर्तमानपत्रं इंचात लिहितात. ३१ जुलै २०१९ चा ५०० मिमीच्या आसपासचा पाऊस बडोदेकराला ‘वीस इंच’ म्हणून माहीत आहे. दोन्ही द्या.

रंगांबद्दल एक वाक्य टाका: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग पूर्ण जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या गल्लीसाठी नाही. तुमच्या गल्लीचं कालाघोड्याची पट्टी आणि आजव्याचा विसर्ग सांगतो.

आणि ‘ताकीदनी बेठक’ला ताकीद देऊ नका. ती तातडीची बैठक.

बंबवाला

‘स्थळांतर’ दोन्ही भाषांत आहे म्हणून लोक बिनधास्त तसंच ठेवतात. मराठीत स्थलांतर म्हटलं की मजुरांचं, पक्ष्यांचं, कायमचं. नदीकाठच्या वस्तीत आधीच झोपड्या उठवण्याची भीती असते, त्यांना ‘स्थलांतर करा’ म्हटलं की दार लावून घेतात. ‘पाणी उतरेपर्यंत अमुक शाळेत चला’ असं लिहा, शाळेचं नाव घालून.

सुटकेसाठी फोन करताना काय सांगायचं तेही द्या. अडकलेले किती, त्यात चालता न येणारे किती, पाणी कंबरेला की छातीला, वाहतंय की साचलेलं, बोट वळायला गल्ली पुरेशी आहे का, जवळची ठळक खूण. मगर दिसली असेल तर तेही, कारण तिथे वन खात्याचं पथक लागतं. ‘लवकर या, खूप पाणी आहे’ असे फोन शंभर येतात, त्यावरून कोणाकडे आधी जायचं ते ठरत नाही.

दांडियाबाजारकर

शेवटचा शब्द. ‘वीज पुरवठो बंध.’ मी ‘खंडित’ केलंय.

महसूली

‘खंडित झाला’ म्हणजे बिघाड, लोक तक्रारीचे फोन लावत राहतील आणि लाइन अडेल. पुरात बहुतेक वेळा वीज मुद्दाम तोडतात, पाण्यात शॉक लागू नये म्हणून. ‘बंद ठेवला आहे’ लिहा, आणि पुढे जोडा: पाणी ओसरल्यावर मीटर आणि स्विचबोर्ड कोरडे झाल्याची तपासणी झाल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये.