गावातच राहून वेगळे घर करावे का?

प्रश्न (सांगली)

माझे वय 33 आहे. मी अविवाहित असून वडिलांच्या हळदीच्या अडत दुकानाचे हिशेब गेली अनेक वर्षे मीच पाहते. सौद्यांच्या पट्ट्या, शेतकऱ्यांची देणी, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचा ताळमेळ हे सारे माझ्याकडे आहे. मात्र मला ठरावीक पगार नाही. लागतील तेव्हा पैसे मिळतात, पण ते मागावे लागतात आणि कशासाठी हवेत हेही सांगावे लागते. विवाह न करण्याचा माझा निर्णय घरच्यांनी आता मान्य केला आहे. मी नोकरीसाठी पुण्याला गेले असते तर कोणी काही विचारले नसते. परंतु मला सांगली सोडायची नाही, दुकानही सोडायचे नाही, आणि तरीही विश्रामबागेत लहानशी सदनिका भाड्याने घेऊन स्वतंत्र राहायचे आहे. आईचे म्हणणे असे की, एकाच गावात लेक वेगळी राहिली म्हणजे घरात भांडण झाले, असेच लोक धरून चालतात. मी केव्हा उठावे, काय वाचावे, माझ्याकडे कोणी यावे, हे मला स्वतः ठरवायचे आहे. हा हट्ट म्हणावा का? नसेल, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर (करसल्लागार, मिरज)

ताई, हा हट्ट नाही. परंतु घराच्या आधी पगाराचा प्रश्न सोडवा. आपण करता ते काम बाहेरच्या माणसाला दिले असते, तर दुकानाने त्याला दरमहा पैसे मोजलेच असते. वडिलांशी बोलून रक्कम ठरवा, ती आपल्या बँक खात्यात जमा होऊ द्या आणि दुकानाच्या वहीत पगार म्हणूनच लिहा. कामाच्या मानाने रास्त असलेला पगार हा धंद्याचा खर्च धरला जातो, त्यामुळे वडिलांचेही त्यात नुकसान नाही. आपल्या नावाने प्राप्तिकराचे विवरणपत्र भरू लागलात की पुढे कर्ज घेताना तेच कागद उपयोगी पडतात.

भाडेकरार साध्या मुद्रांकावर लिहून नोटरी करण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत अकरा महिन्यांची असली तरीही, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. सदनिका ठरवण्यापूर्वी 2019 आणि 2021 च्या पुरात त्या गल्लीत पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना अवश्य विचारा.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. वेगळे राहिल्याने तो कमी होत नाही. उद्या कोणी हक्कसोडपत्र पुढे केले, तर वकिलाला दाखवल्याखेरीज सही करू नका.

उत्तर (निवृत्त शिक्षक, सातारा)

पगाराचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. मी छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून शिकलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवले, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि स्वतः राबून शिकत. संस्थेचे ब्रीदच मुळी ‘स्वावलंबी शिक्षण’ हे आहे. शेतात राबून फी भरणाऱ्या आमच्यासारख्या मुलांना पुढे काय शिकावे आणि कोणती नोकरी धरावी हे घरी ठामपणे सांगता आले. त्यामागे बंडखोरी नव्हती, आपला भार आपण उचलतो आहोत ही जाणीव होती. आपण तर आजवर स्वतःचाच नव्हे, दुकानाचाही भार उचलला आहे. तो वहीत दिसत नाही, एवढेच. तो दिसू लागला की आपण बोलाल त्याला घरात वेगळे वजन येईल, असा माझा अनुभव आहे.

उत्तर (गृहिणी, तासगाव)

आईंविषयी थोडे लिहिते. लोक काय म्हणतील, या बोलण्याच्या आड बहुधा दुसरीच भीती असते: लेकीला रात्री ताप आला तर कोण पाहील, आणि आपण आजारी पडलो तर ती वेळेवर येईल का. या भीतीला तत्त्वाने उत्तर देता येत नाही. घर पाहायला आईंना बरोबर न्या, एक किल्ली त्यांच्याकडे द्या. मात्र त्यांनी येण्याआधी फोन करावा, हे पहिल्याच आठवड्यात प्रेमाने सांगा. नंतर सांगणे फार जड जाते. आणि भांडण झाले का, असे कोणी विचारले, तर उत्तर आईंनाच देऊ द्या.

प्रश्नकर्ती (सांगली)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वडिलांशी पगाराविषयी या आठवड्यातच बोलेन. अनामत रक्कम मात्र मी माझ्या पहिल्या काही पगारांतूनच साठवणार आहे, त्यामुळे घराला थोडा उशीर होईल. किल्लीची सूचना आईला वाचून दाखवली. घर पाहायला येईन असे ती अजून म्हणालेली नाही, पण स्वयंपाकघराला खिडकी आहे का, हे तिने विचारले.