लेप्रकॉन आयर्लंडचा की स्कॉटलंडचा? लेकीसाठी सल्ला हवा आहे

सायली_ग्लासगो: लेक नऊ वर्षांची आहे. शाळेत 'स्कॉटलंडच्या लोककथा' यावर पाच मिनिटं बोलायचंय. तिने मन लावून चित्र काढलं: हिरव्या कोटातला लेप्रकॉन, म्हणजे लोककथेतला जादूई बुटका, शेजारी सोन्याचा हंडा. शेजारच्या आजी बघून म्हणाल्या, "हा आमचा नव्हे, आयर्लंडचा." पोरीचा चेहराच पडला. दुसरं कोण घ्यावं? आणि एका दिवसात गाडीने जाऊन येण्यासारखी जागा आहे का?

रानवाट: आजींचं बरोबर आहे. लेप्रकॉन आयरिशच. पेशाने चांभार, एकटा बसून जोडे शिवणारा. हिरवा कोट तर अलीकडचा, एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत तो बहुधा लाल असायचा.

तुमच्या लेकीने ब्राउनी घ्यावा, घरकाम करणारा जादूई बुटका. तो अस्सल स्कॉटिश. अंगभर तपकिरी केस, अंगावर चिंध्या. घरचे झोपले की येतो, धान्य झोडपतो, लोणी घुसळतो, पहाटेच्या आत गायब. त्याच्यासाठी चुलीपाशी साय किंवा लापशी ठेवायची, पण मजुरी म्हणून हातावर टेकवायची नाही. कुणी कीव येऊन नवे कपडे शिवून ठेवले, की तो घर सोडतो तो कायमचा. वर्गात सांगायला याहून छान गोष्ट नाही!

उत्तरेकडे: जागेचं मी सांगतो. ॲबरफॉइल गाव. ग्लासगोहून तासाभराच्या आत पोचाल. तिथला पाद्री रॉबर्ट कर्क याने १६९१-९२ च्या सुमारास गावकऱ्यांकडून ऐकलेलं ब्राउनी, पऱ्या अशा अदृश्य लोकांचं सगळं वर्तन लिहून काढलं, तेही अगदी गंभीरपणे. १६९२ मध्ये तो गेला. लोक म्हणतात, मेला नाही, डून हिल या टेकडीवर 'त्यांनी', त्या अदृश्य लोकांनी, नेला. माथ्यावर जुना पाइन आहे, भोवतीच्या झाडांना लोक इच्छा लिहून चिंध्या बांधतात. वाट ओली असते, पोरीला बूट घाला.

मीरा_गॉलवे: रानवाट, उत्तर आवडलं, पण 'लेप्रकॉन आयरिश' म्हणून विषय संपवू नका. जुन्या आयरिश कथेत फर्गस राजाला झोपेत समुद्राकडे ओढून नेणारे बुटके येतात, त्यांचं नाव लुखोर्पान, म्हणजे 'लहान देह'. आणि स्कॉटलंडच्या लुइस बेटाच्या टोकाशी एक छोटासा खडक आहे, लुखरूबन, बुटक्यांचं बेट! १५४९ मध्ये डोनाल्ड मन्रो या पाद्र्याने तिथल्या इवल्याशा हाडांबद्दल लिहून ठेवलंय. पुढे ती प्राण्यापक्ष्यांची निघाली, पण नाव टिकलं. आयर्लंड-स्कॉटलंडमधला समुद्र एका ठिकाणी जेमतेम वीस किलोमीटर, दोन्हीकडच्या गेलिक भाषा सख्ख्या बहिणी. टेकडीत राहणाऱ्या या अदृश्य लोकांना दोन्हीकडे 'शी' शब्दानेच ओळखतात. कुणी काय वाटून घ्यायचं?

लेकीला आणखी एक दाखवा. १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐकून वहीत उतरवल्या. त्या वह्यांची पानं आज ऑनलाइन फुकट वाचता येतात. तिच्याहून थोड्याच मोठ्या मुलांचं अक्षर आहे ते.

सायली_ग्लासगो: सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी ॲबरफॉइल नक्की. लेप्रकॉनचं चित्र फाडलेलं नाही. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला ब्राउनी चाललाय, चिंध्या झाल्या, चूल झाली. आता विचारतेय, वाडग्यात साय दाखवू की लापशी?

रानवाट: साय. आणि वाडगं चुलीजवळ, दाराशी नको.