‘वय झालं नाही’ म्हणून लेकराला थांबवायचं का?

माळरान, धारूर
परवा केंद्राच्या शिक्षण परिषदेत पियाजेचे टप्पे पुन्हा फळ्यावर आले. लेकराची समज वयानुसार टप्प्याटप्प्यानं वाढते, असं म्हणणारा हा मानसशास्त्रज्ञ. त्याचे टप्पे: २ वर्षांपर्यंत, ७, ११ आणि पुढे. लगेच एक सर म्हणाले, "दुसरीच्या लेकराला हे झेपायचं नाही, वयच नाही." मला हे पटत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी हंगामभर आईबापासोबत ऊसतोडीला होती. परत आली ती दहा-दहानं मोळ्या मोजत, गाडीत अजून किती मावतील ते तोंडी सांगत. तीच बेरीज पाटीवर दिली की गप्प. हिचा टप्पा कोणता धरायचा? वायगॉट्स्की हा दुसरा मानसशास्त्रज्ञ म्हणतो, लेकरू एकटं काय करतं तेवढंच बघू नका. जाणत्याची मदत मिळाली की कुठवर जातं तेही बघा. आमच्या शाळांना हाच कामाचा.

अंगणवाडीताई, औसा
सर, पियाजेला मोडीत काढू नका. मी करून बघितलंय. दोन सारखे पेले पाण्यानं भरले. पाच वर्षांचं पोरगं म्हणालं, सारखंच. त्याच्यादेखत एक पेला उभट बाटलीत ओतला. "आता बाटलीत जास्त!" परत पेल्यात ओतून दाखवलं, दोन दिवस समजावलं, तरी तेच. मदत कमी पडली नव्हती हो, त्याची समजच तिथवर आली नव्हती. आणि टप्पे सोडले की काय होतं? आमच्याकडं साडेतीन वर्षांची लेकरं पानभर एबीसीडी गिरवतात, बोटांवर पेन्सिलीचे वळ उठतात. त्यांची बाजू पियाजेच घेतो.

माळरान
घाई नको, कबूल. पण ताई, मोठ्या माणसानं तोच प्रश्न दोनदा विचारला की लेकराला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं. स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी १९७० च्या दशकात सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या आणि एक ओळ स्वतः न हलवता खोडकर टेडी अस्वलाकडून विस्कटवली, जणू चुकून झालं. तेव्हा ४ ते ६ वर्षांची कितीतरी जास्त मुलं "सोंगट्या तेवढ्याच" म्हणाली.

गोदाकाठ, गंगाखेड
मोळीवाल्या मुलीवरून आठवलं. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली छापून आला. बाजारात त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर, कागदावर मांडलेल्या तशाच आकडेमोडीत ३७ टक्के. पण ती मुलं ९ ते १५ वर्षांची होती, म्हणून त्यावरून पियाजे खोटा ठरत नाही. माझी अडचण वेगळीच आहे. वायगॉट्स्कीची मदत द्यायला माणूस लागतो. दोन गुरुजी आणि चार वर्ग, त्यात एकेका लेकराजवळ बसायचं कुणी?

माळरान
चौथीची पोरं बसतात. माझ्या मुलीजवळ काड्यांच्या मोळ्या घेऊन एक बसवलीय, पाटी बाजूला ठेवून.

अंगणवाडीताई
बरं, मी बाहुलीच्या हातानं पाणी ओतून बघते. पण पोरगं तरीही "जास्त" म्हणालं, तर त्याला वर्षभर नुसतं पाण्यात खेळू द्यायचं. मान्य?