खाडीचा गाळ म्हणजे घाण? उत्तर देतोच

तापीकाठ_भुसावळ: परवा इथं एकानं लिहिलं, ‘खाडीतला गाळ नुसती घाण, उपसून वाळूचा किनारा करा.’ दोन दिवस गप्प बसलो. सुरतजवळ तापीच्या मुखाशी डुमसला भावाकडे गेलो की ओहोटीला मी चिखलात उतरतो. वरचा थर तपकिरी, खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्याचा वास. खाली ऑक्सिजन पोचत नाही म्हणून. पण त्या वरच्या कातडीवर सूक्ष्म शेवाळ वाढतं, ते खाऊन किडे-खेकडे जगतात, त्यांच्या बिळांतून पाणी आणि हवा आत जाते. त्यांच्यावर मासे नि लांब चोचीचे पक्षी. वाळू टाकलीत तर चिखल चाटणारे जातील, पाणी गाळून खाणारे शिंपले येतील. पंगतच बदलते.

केळी_रावेर: घाण नाही भो, सोनं आहे! पण किड्यांसाठी कशाला सोडायचं? तापीवरच्या हतनूर धरणात पूर्णा नदीनं किती आणून टाकलाय, तो शेतात येऊ द्या. 2017 ला ‘गाळमुक्त धरण’ योजना आली, गाळ फुकट. ट्रॅक्टर कोणाचा, डिझेल कोणाचं? मी तीस ट्रॉल्या सांगितल्या, बावीस पडल्या, पैसे तीसचे गेले.

धुळे_फाटा: भाऊ, आपला गाळ सुरतले जास कोठे? तापीवरच्या उकाई धरणमाच अडकी जास, 1972 पासून. मग डुमसचं कौतुक कशाला?

तापीकाठ_भुसावळ: बरं, उकाईचा मुद्दा मान्य, मिळालं समाधान? पण खंबातच्या आखातात नर्मदा, मही, साबरमतीही येतात, आणि भरती एवढी जबर की तळ सतत ढवळतो. त्या गढुळात जवळा, म्हणजे कोळंबीसारखा बारीक जीव, आणि बोंबील जगतो तो जवळा खाऊन. आठवडे बाजारातून सुके बोंबील आणून चटणी कुटता ना? ती त्याच चिखलावर.

केळी_रावेर: आमच्या घरी माळ आहे. बोंबील नाही शिजत.

धुळे_फाटा: बावीस ट्रॉल्या मोजल्या कोणी? तू का झोपला होतास?

केळी_रावेर: मोटार जळाली होती, विहिरीवर होतो! तुमच्यासारखं बांधावर उभं राहून मोजायला वेळ नाही.

तापीकाठ_भुसावळ: विषय खाडीचा होता.

केळी_रावेर: ठेवा तुमची खाडी चिखलाची. किडेही राहू द्या. माझ्या आठ ट्रॉल्यांचं कोणी बोलत नाही.