दुरुस्त करतो त्या मशीनचं नावच घ्यायचं नाही का?

सुईदोरा (धागाकर्ता)

शिलाई मशीन दुरुस्त करणं हे माझं काम. त्यातही एकाच कंपनीच्या मशीन जास्त, कारण त्यांचे जुने सुटे भाग मी वर्षानुवर्षं जमवून ठेवलेत. सहा वर्षांपूर्वी वेबसाइटसाठी डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेतलं. त्यात कंपनीचं नाव आणि त्याला जोडून ‘दुरुस्ती’. पहिल्याच पानावर, फोन नंबरच्या वर, लिहिलंय : ‘आमचा या कंपनीशी संबंध नाही. आम्ही स्वतंत्र कारागीर आहोत.’

गेल्या महिन्यात कंपनीच्या वकिलांची नोटीस आली, डोमेन आमच्या नावावर करून द्या म्हणून. त्याच आठवड्यात माझी ऑनलाइन जाहिरातही नाकारली गेली. कारण काय, तर मजकुरात ट्रेडमार्क आहे.

मग लिहू तरी काय? ‘एका नामांकित कंपनीच्या मशीन दुरुस्त करून मिळतील’? जिच्या मशीनचं शटल अडकलंय ती बाई मशीनवर जे नाव दिसतं तेच शोधणार ना!

सगळ्यात खटकतं ते पुढे. हेच नाव मी कीवर्ड म्हणून घेतलं तर चालतं. कुणी ते नाव शोधलं की माझी जाहिरात वर यावी म्हणून बोली लावायला मोकळीक, पण कुठल्या मशीनचं काम करतो हे उघड लिहायला मनाई. आडून चालतं, तोंडावर चालत नाही. ट्रेडमार्क लोकांची फसवणूक थांबवण्यासाठी आहे. वस्तूला तिच्या नावानं हाक मारणं थांबवण्यासाठी नाही.

पाणवठा

ठाम असहमत.

माझ्या मावशीचं वॉशिंग मशीन बंद पडलं. तिनं कंपनीचं नाव आणि ‘सर्व्हिस सेंटर’ असं शोधलं आणि वर जी पहिली जाहिरात आली ती उघडली. पत्त्यात कंपनीचं नाव, पानाला कंपनीचा रंग, घरी आलेल्या माणसाच्या शर्टावरही तेच नाव. त्यानं आतला सर्किट बोर्ड काढून नेला, तो आजतागायत परत आलेला नाही. नंतर ते पान मी माझ्या मोबाइलवर उघडलं. ‘आमचा कंपनीशी संबंध नाही’ हे वाक्य होतं तिथे. अगदी तळाला, करड्या पट्टीवर करड्याच अक्षरांत.

तुम्ही प्रामाणिक असालच. पण शोधणाऱ्याला तुमचं नाव आणि त्याचं नाव एकसारखंच दिसतं. सूचना पान उघडल्यावर वाचायला मिळते, तोवर नावानं त्याचं काम केलेलं असतं.

उलटतपासणी

अशी प्रकरणं मी हाताळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

डॉट कॉमसारख्या डोमेनचे वाद आयकॅन या डोमेन-व्यवस्था सांभाळणाऱ्या संस्थेच्या १९९९ च्या धोरणानुसार, न्यायालयाबाहेर, तज्ज्ञांच्या पॅनेलपुढे चालतात. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका सदस्याच्या पॅनेलपुढे तक्रार करायला १५०० डॉलर लागतात आणि ते तक्रारदारानं भरायचे असतात. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. डोमेन त्याच्या ट्रेडमार्कसारखं किंवा गोंधळ व्हावा इतकं मिळतंजुळतं आहे. समोरच्याला त्या नावावर कायदेशीर हक्क किंवा हितसंबंध नाही. आणि डोमेन वाईट हेतूनं घेतलं व वापरलं आहे. तीनही हव्यात. एक जरी ढासळली तरी तक्रार फेटाळली जाते. पॅनेल नुकसानभरपाई देत नाही, फार तर डोमेन काढून घेतं किंवा रद्द करतं.

सुईदोरा, तुमची लढाई दुसऱ्या मुद्द्यावर आहे. २००१ च्या ओकी डेटा प्रकरणात यासाठी कसोटी ठरली. ते प्रकरण अधिकृत विक्रेत्याचं होतं, पण पुढे पॅनेलांनी ती अनधिकृत विक्रेत्यांना आणि दुरुस्तीवाल्यांनाही लावली. तुम्ही ती वस्तू किंवा सेवा खरोखर देत असला पाहिजे. साइटवर फक्त त्याच ब्रँडचं असलं पाहिजे, गिऱ्हाईक आत ओढून दुसरं काही विकायचं नाही. कंपनीशी नातं काय ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. आणि त्या नावाची झाडून सगळी डोमेन अडवून ठेवलेली नसावीत.

नोटिशीला घाबरून डोमेन सोडू नका, पण पॅनेलकडून तक्रार आली तर गप्पही बसू नका. उत्तराला २० दिवस असतात. तुम्ही बोललाच नाहीत तर पॅनेलपुढे फक्त कंपनीचे कागद राहतात.

माळरान

सुईदोरांच्या बाजूनं आणखी एक. टोयोटाच्या लेक्सस गाड्या मिळवून देणाऱ्या दोन दलालांच्या डोमेनमध्ये ‘लेक्सस’ होतं. टोयोटानं खटला भरला. २०१० मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं त्यांच्यावरचा सरसकट मनाईहुकूम उचलला. आपण कशाचा धंदा करतो हे सांगायला ते नाव घ्यावंच लागतं, हे न्यायालयाला पटलं.

पाणवठा

मग निसान डॉट कॉमही सांगा. उझी निसान यांचं आडनावच निसान, कॉम्प्युटरचा व्यवसाय, डोमेन १९९४ मध्ये घेतलेलं. नावावर याहून प्रामाणिक हक्क कुणाचा असणार? डोमेन शेवटी त्यांच्याकडेच राहिलं, आणि त्यासाठी त्यांना निसान मोटार कंपनीशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, हे मलाही सलतं. पण त्यांच्या साइटवर मोटारींशी संबंधित जाहिराती लागल्या होत्या, तेवढ्यापुरतं न्यायालयानं उल्लंघनच मानलं. मोटार शोधत आलेल्या माणसाच्या गोंधळावर कमाई झाली की नाव तुमचं असून भागत नाही. सुईदोरांचं तर ते नावही नाही.

गवाक्ष

कीवर्डबद्दल कुणीच बोललं नाही, खरी लूट तिथे आहे. आमचा छोटा ब्रँड आहे. लोक आमचंच नाव टाइप करतात आणि वर प्रतिस्पर्ध्याची जाहिरात येते. ती खाली ढकलायची तर आमच्याच नावावर आम्हीच बोली लावायची. स्वतःच्या घरात शिरायला जकात भरायची म्हणजे काय! डोमेनचं एक बरं, ते एकालाच मिळतं, भांडून परत तरी घेता येतं. कीवर्ड एकाच वेळी दहा जणांना विकला जातो.

माळरान

गवाक्ष, तुमचा त्रास कळतो, पण नाव शोधणारा प्रत्येक जण विकतच घ्यायला आलेला नसतो. कुणी तुलना करतो, कुणी पर्याय बघतो. दुकानात एका फळीवर दोन कंपन्यांचे डबे शेजारी असतातच.

उलटतपासणी

न्यायालयांची दिशाही साधारण तीच. युरोपीय न्यायालयानं मार्च २०१० मध्ये गूगल आणि लुई व्हिताँच्या प्रकरणात म्हटलं की माल नेमका कुणाचा हे सामान्य वापरणाऱ्याला जाहिरातीवरून सहज कळत नसेल, तर ट्रेडमार्कचा मालक जाहिरातदाराला रोखू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं. कीवर्ड हा ट्रेडमार्कचा ‘वापर’च आहे, आणि बोली घेणारं गूगल नुसतं बघ्याच्या भूमिकेत नाही. मात्र गोंधळ होत नसेल तर तेवढ्यानं उल्लंघन होत नाही.

म्हणजे कायदा दोन्हीकडे गोंधळ झाला का हेच विचारतो. जाहिरात तपासणारी यंत्रणा मात्र मजकुरातला शब्द जुळला का एवढंच बघते. विक्रेते आणि सुटे भागवाले यांना मोठ्या जाहिरात सेवांच्या नियमांत सवलत असते, सुईदोरा. माणसाकडून फेरतपासणी मागा.

सुईदोरा (धागाकर्ता)

मागितली आहे.

पाणवठा, मावशींचं वाचून साइट मोबाइलवर उघडली. संबंध नसल्याची ओळ मोबाइलवर फोन नंबरच्या खाली जाते, आणि गिऱ्हाईक तर नंबरच दाबतं. ती आज वर घेतली. शिवाय तिसऱ्या पानावर दुसऱ्या कंपनीच्या बॉबिन आणि सुया विकायला ठेवल्या होत्या. स्वस्त पडतात म्हणून ठेवल्या, पण ओकी डेटाची दुसरी अट तिथेच मोडते. ते पान काढून टाकलं. डोमेन सोडणार नाही. वकिलांना उत्तर लिहायला बसलो आहे.

पाणवठा

पान काढलंत, चांगलं केलंत. माझा आक्षेप तरीही नावावरच आहे. तुमचं स्वतःचं नाव पुढे ठेवा, कंपनीचं मजकुरात येऊ द्या. जाहिरातीत तसं लिहायची मुभा मिळावी यासाठी मी तुमच्या बाजूनं भांडेन. डोमेनसाठी नाही.