न्यूरोलॉजीत ‘सगळे’ म्हणजे नेमके कोण?

मेंदूवाली:
आमच्या न्यूरोलॉजी (मेंदूविकार) विभागात सोमवारी ‘समावेशकता समिती’ नेमायचं ठरलं. अध्यक्ष, सचिव, चार सदस्य आणि अर्थातच एक पोस्टर. त्याच सकाळी ओपीडीत सत्तरीच्या आजी आल्या होत्या, तक्रार विसरभोळेपणाची. डीएमच्या (एमडीनंतरचा अभ्यासक्रम) पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटने एमएमएसई, म्हणजे स्मरण-आकलनाची तीस गुणांची चाचणी, काढली. ‘आज तारीख काय?’ आजी म्हणाल्या, ‘परवा अवस हाय न्हवं!’ शून्य. ‘शंभरातून सात वजा करत जा.’ आजींनी शाळा पाहिलेली नाही. शून्य. ‘एक वाक्य लिहा.’ शून्य. तीसपैकी चौदा गुण, आणि केसपेपरवर डिमेन्शिया. मी कॅलेंडर काढून बघितलं, अमावास्या खरंच परवा होती. सून म्हणाली, दुधाचा हिशोब अजून त्याच ठेवतात.

ही चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी नव्वदच्या दशकात तिचं हिंदी रूप बेतलं गेलं. त्यात वार उलटे म्हणायचे असतात आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं असतं. म्हणजे वाट आहे, आपण चालत नाही. ज्याची आई अंगठा लावते असा एक जरी डॉक्टर आमच्यात असता, तर त्या अवसेला शून्य पडलं नसतं. म्हणून म्हणते, समिती बाजूला ठेवा. प्रवेशात आणि नेमणुकांत कोण येतं ते बघा.

स्पष्टवक्ता:
आजींचं उदाहरण शंभर टक्के पटलं. त्यावरून काढलेला निष्कर्ष अजिबात नाही. ती चूक शिकवण्याची आहे, रेसिडेंटच्या घराण्याची नव्हे. मग युनिटहेड काय करत होते?

न्यूरोलॉजीसारख्या अतिविशेष शाखांत आरक्षण नको, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२च्या इंद्रा साहनी (मंडल आरक्षण) निकालात सुचवलं, १९९९च्या वैद्यकीय प्रवेशांबाबतच्या प्रीती श्रीवास्तव निकालात पुन्हा सांगितलं. रात्री दोनला पक्षाघाताचा पेशंट येतो, हातात जेमतेम साडेचार तास, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे सीटी बघून ठरवायचं. तिथे फक्त गुणवत्ता चालते.

मेंदूवाली:
गुणवत्तेचं म्हणाल तर २०२३ला नीट पीजीचा (एमडी-एमएसची प्रवेशपरीक्षा) कटऑफ सरसकट शून्य पर्सेंटाइलवर आणला. जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून! तेव्हा कुणाचा जीव वरखाली झाला नाही.

स्पष्टवक्ता:
माझा झाला होता, तेव्हाही बोललो होतो. पण ते पीजीचं. न्यूरोलॉजीच्या जागा सुरुवातीच्या फेऱ्यांतच उडतात. उरतात त्या बालशल्य, हृदयशल्य. तुलना चुकली तुमची.

डोंबिवली टू ह्यूस्टन:
दोघांनाही एक उलटी बाजू सांगतो. इथे अमेरिकन फुटबॉलच्या निवृत्त खेळाडूंना डोक्याच्या माराबद्दल भरपाई मिळायची. ती ठरवताना मेंदूच्या चाचण्यांत कृष्णवर्णीयांची मूळ पातळीच कमी धरायचे. मग घसरण दिसणार कशी, आणि भरपाई मिळणार कशी? दोन खेळाडू २०२० साली कोर्टात गेले, जून २०२१मध्ये एनएफएलने (तिथली फुटबॉल लीग) ही पद्धत थांबवण्याचं कबूल केलं. हे मापनही कुणाच्या तरी ‘वेगळेपणाची दखल’ म्हणूनच आलं होतं. तेव्हा गटागटाला वेगळी फूटपट्टी लावताना जपून.

मेंदूवाली:
जपूनच. पण शाळेत किती गेलात हे विचारून गुण जुळवणं वेगळं आणि कातडीचा रंग बघून जुळवणं वेगळं. मी पहिल्याबद्दल बोलतेय.

रात्रपाळी:
समितीवरून आठवलं. एका कॉलेजात (नाव नको) असिस्टंट प्रोफेसरच्या मुलाखतीत मला तीन प्रश्न विचारले. पैकी दोन: ‘लग्न झालंय का?’ आणि ‘मुलाचं काय ठरवलंय?’ तिसरा प्रश्न मायस्थेनियावर (स्नायू थकवणारा आजार) होता, त्याचं उत्तर पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. पॅनेलवर एक बाई होत्या. पहिला प्रश्न त्यांचाच.

स्पष्टवक्ता:
हे निव्वळ चूक आहे. पण यासाठी आरक्षण नको, जरब हवी.

डावखुरा:
जरब कोण बसवणार, तेच पॅनेल?

माझं वेगळंच दुखणं. २०१६च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. म्हणजे आपलेच पेशंट. आम्ही दर बुधवारी त्यांची प्रमाणपत्रांसाठी तपासणी करतो आणि ईईजीची (मेंदूच्या विद्युतलहरींची तपासणी) खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट दिवाळीपासून बंद. मागच्या बुधवारी एका माणसाला त्याच्या दोन मुलांनी खुर्चीसकट वर नेलं. एमबीबीएसच्या प्रवेशाला ‘दोन्ही हात शाबूत’ अशी अट होती, ती फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम ४१शी विसंगत ठरवली. आमच्या कॉलेजात त्यावर एक परिपत्रकसुद्धा फिरलं नाही.

स्पष्टवक्ता:
लिफ्टबद्दल बिनशर्त सहमत. हाताबद्दल म्हणाल तर न्यूरोलॉजीत हातोडी, ट्युनिंग फोर्क आणि डोकं लागतं. माझी हरकत नाही. प्रवेशात घराणं मोजायला मात्र आहेच.

त्या आजींचं काय झालं पुढे?

मेंदूवाली:
बी-१२ जीवनसत्त्व (ते कमी पडलं तरी विसरायला होतं) फार कमी निघालं, इंजेक्शनं चालू केलीत. पुढच्या वेळी कधी येता विचारलं, तर म्हणाल्या, ‘चतुर्थी झाली की येते.’ रेसिडेंटने तारखेच्या रकान्यात तसंच लिहिलं. खाली कंसात तारीख घालायला मीच लावली.